धोंड्याचं वाण, धबधबा आणि माझा गुडघा

एकलहरे वसाहत,
अधिक श्रावण, २००४

तीर्थस्वरूप खंडेराव साडूभाऊ यांस,

धाकटा साडू रावजी याचा उभ्यानेच नमस्कार. साष्टांग माझ्याकडे जमा आहे असं समजावं. सध्या आठ अंगांपैकी एक, म्हणजे उजवा गुडघा, कामावर नाही. आपली प्रकृती उत्तम असेलच. ज्यांच्या सल्ल्याने दुसरे डोंगर चढतात त्यांची प्रकृती सहसा चांगली असते. मालनताईंचा दमा या पावसात वाढला नसावा अशी आशा आहे. इकडे सौ. ललिता बरी आहे, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते (कारण पुढे येईल). आपल्या पेरूच्या झाडाला, कुत्र्याला आणि बोअरच्या मोटारीलाही आशीर्वाद.

परवा आपण फोनवर विचारलंत, काय मग, आली का मजा? मी 'हो' म्हणून फोन ठेवला, कारण ललिता शेजारी उभी होती. त्या 'हो'चा खुलासा म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. बसलो म्हणजे पाय स्टुलावर, स्टुलावर उशी, उशीवर गुडघा आणि गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप, असा एकूण थाट आहे. कंटाळलो आहे साडूभाऊ. चौतीस वर्षं बॉयलरच्या पाळ्या केल्या, पण एका रविवारात एवढा दमलो नव्हतो.

मुळात आपला सल्ला का घेतला ते आपल्याला ठाऊकच आहे, तरी लिहितो, म्हणजे जबाबदारी कुठे येते ते कागदावर राहील. तृप्तीचं लग्न वैशाखात झालं. पहिल्या वर्षाचा आखाड पाळायला मुलगी माहेरी येते तशी ती सिन्नरहून आली. आखाड संपला. पाठोपाठ अधिक लागला, आणि ही जायचं नावच काढीना. धनराजराव (आपले जावई म्हणजे माझे, आपले आपल्याला माहीत आहेत) आठवड्यातून एकदा फोन करत, बरी आहे ना एवढं विचारत आणि तिला फोन द्या असं काही म्हणत नसत. तीही मागत नसे. आमच्याकडे मशीन बिघडलं की आधी आवाज बदलतो, मग माणूस पान्हा शोधतो. इथे आवाजच बंद. मुलगी दोन महिन्यांत परत आली की काय, या एका विचाराने मला जेवण जाईना. कारण विचारलं तर तृप्ती म्हणे, काही नाही बाबा. ललिताला विचारलं तर ती म्हणे, तुम्ही मध्ये पडू नका. मग मी मनातल्या मनात धनराजरावांना एकेक व्यसन लावून पाहिलं. दारू बसेना, पत्ते बसेनात, बाई तर अजिबातच बसेना. तो मनुष्य कारखान्यातून सुटला की आईसाठी मेथी निवडत बसतो हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण बसत नाही म्हणून संशय जातो थोडाच?

आता अधिकात जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं आणि त्याच्या हातावर तेहतीस अनारशांचं वाण ठेवायचं, हे आपल्याला मी काय सांगणार. आपण दोन जावई पुरण भरून गार केले आहेत. माझा विचार साधा होता. जावई घरी येईल, धोंडे खाईल, दोघं समोरासमोर येतील, काय ते मिटेल. तर आपण फोनवर म्हणालात की दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कसलं मिटतंय, सासूच्या कानाशी कोण बोलणार, त्यांना बाहेर काढा, निसर्गात माणसं मोकळी होतात. आणि वर, इगतपुरीच्या पुढे डोंगरात वनखात्याने नवीन निसर्ग उद्यान काढलंय, जंगलातून छान पायवाट आहे, शेवटी धबधबा आहे. हे सगळं आपण पाहिलेलं असेल असं मी धरून चाललो. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं की आपण हयातभर सिन्नर स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून लोकांना गाड्यांत बसवलंत आणि स्वतः कुठे गेला नाहीत. पण एवढ्यावर भागलं असतं. आपण ललितालाही फोनवर घेतलंत आणि सांगितलंत की वाण वाहत्या पाण्याजवळ दिलं तर पुण्य शंभरपट. त्या शंभर पटींचं ओझं मी वाहिलं आहे, म्हणून आठवण राहिली.

रविवारी सकाळी धनराजराव सिन्नरहून आले. आम्ही जीप केली होती. जीपमध्ये माणसं चार आणि बाकी सामान: अनारशांचा डबा, धोंड्यांचा डबा, तुपाची बरणी, तांब्याचं ताट, समई (निरांजन वाऱ्याने विझेल म्हणून समई, हे तर्कशास्त्र आपल्या मेहुणीचं), तांब्या, पाट, जावयाचा आहेर, आणि पाऊस आलाच तर म्हणून छत्र्या. पाऊस आलाच तर! इगतपुरीला. मी जीपच्या बॉनेटला उलटा हात लावून पाहिलं, गरम होतं, ड्रायव्हरला तसं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाणं मोठं केलं. (उलट्या हाताने का, असं आपण एकदा विचारलं होतंत. तळहाताला शॉक बसला तर मूठ वळते आणि चिकटते. उलटा हात झटकला जातो. शिवाय उलट्या हाताला गरमी जास्त कळते. ही सवय पाळीत लागते आणि घरी येते. फ्रिज, मिक्सर, पंखा, मी हात लावल्याशिवाय राहत नाही. लग्नानंतर धनराजरावांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा गीझरच्या वायरीला असाच हात लावला, चटका बसला, मी ताबडतोब मेन बंद केला. आत विहीणबाई डोक्याला शिकेकाई लावून बसल्या आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण वायर खरोखर वितळत होती आणि विहीणबाई आजही धडधाकट आहेत. पाहुण्यांत त्यावर बराच वेळ हशा पिकला. मीही हसलो.)

जीपमध्ये मागे तृप्ती एका खिडकीशी, धनराजराव दुसऱ्या खिडकीशी, मध्ये अनारशांचा डबा. घोटीपर्यंत कोणी बोललं नाही. घोटीनंतर ललिता म्हणाली, भात काय छान लावलाय. त्यावर सगळ्यांनी भाताकडे पाहिलं. एवढाच संवाद.

उद्यानाच्या फाटकाशी एका झापाखाली चिमणाबाई नावाची म्हातारी मक्याची कणसं भाजत होती. काय वास, साडूभाऊ! पण ललिताचा नियम असा की जावयाने वाण घेतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि जावई उपाशी असताना सासऱ्याने कसं खायचं? (हा नियम कोणत्या पोथीत आहे मला ठाऊक नाही. बहुधा मालनताईंच्या.) चिमणाबाईने आमचं सामान पाहिलं. समईकडे जरा जास्तच पाहिलं. म्हणाली, "वर देव नाय बरं. पानीच हाय नुस्तं." ललिता म्हणाली, आम्हाला पाणीच हवंय.

पायवाटेच्या तोंडाशी वनखात्याची पाटी होती: धबधबा, एक किलोमीटर. आम्ही बरंच चाललो. चिखल, मुळ्या, ओले दगड, वरून झाडं गळतायत, खालून शेवाळ सरकतंय, आजूबाजूला ढग उतरलेला, त्यामुळे ज्या निसर्गासाठी आलो तो दिसत नव्हता. मग दुसरी पाटी आली: धबधबा, एक किलोमीटर. मला बरं वाटलं, निदान लांब तरी जात नाहीये. तिसऱ्या पाटीवरही तेच. आमच्या प्लँटमध्ये एखादा काटा असा एकाच आकड्यावर बसून राहिला तर आम्ही टिचकी मारतो. मी पाटीला टिचकी मारली. ललिताने ते पाहिलं आणि मान वळवली.

मायलेकी पुढे, मी आणि धनराजराव मागे, अशी रांग मीच लावली. म्हटलं, जावयाला एकटं गाठून विचारावं, बाबा रे, माझ्या मुलीचं काय बिनसलं? पण अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूला असं कसं विचारायचं? मी विचारलं, कारखान्यात सध्या लोड किती? ते म्हणाले, बरा आहे. मी विचारलं, सिन्नरला पाऊस? ते म्हणाले, कमी आहे. मी तिसरा प्रश्न जुळवत होतो, तेवढ्यात एका मुळीवरून माझा पाय गेला आणि मी काखेतल्या पाटासकट बसलो. पाट शाबूत राहिला. गुडघा मात्र फिरला.

उठता येईना. मागे फाटक, पुढे धबधबा, दोन्हीकडे एकेक किलोमीटर. परत जावं तर वाण पुढे गेलेलं. धनराजरावांनी हातातली तुपाची बरणी झाडाखाली ठेवली, वाकले आणि म्हणाले, "बसा पाठीवर." मी नाही म्हणालो. जावयाचे पाय धुवायच्या महिन्यात सासऱ्याने जावयाच्या अंगावर पाय टाकायचे? सात जन्म फिटणार नाही ते पाप. ते म्हणाले, "बाबा, मला भूक लागलीय. तुम्ही बसला नाहीत तर वाण कधी मिळणार?" हा मुद्दा खोडता आला नाही.

आता हे मी आपल्यालाच लिहितो आहे, बाहेर बोलू नये. दोन माणसं समोरासमोर बसून जे बोलू शकत नाहीत ते एक दुसऱ्याच्या पाठीवर असला की बोलतात. तोंड दिसत नाही म्हणून असेल. थोडं चालल्यावर धनराजराव धापा टाकत म्हणाले की एक सांगू का. मी म्हटलं, सांगा, मी कुठे जाणार? तेव्हा ते म्हणाले, "ऑक्टोबरात तुम्ही रिटायर होणार, क्वार्टर सोडावी लागणार. मी तृप्तीला म्हटलं, आईबाबांना आपल्याकडेच राहायला आणू. ती नको म्हणाली. तिथून आमचं बोलणं बंद आहे."

मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच. मग आणखी चार पावलं गेल्यावर म्हणाले की त्यांचे वडील ते शाळेत असताना गेले, घरात कोणीतरी सारखं कटकट करणारं म्हातारं माणूस असावं असं त्यांना फार वाटतं. आणि मी त्यांना त्या दृष्टीने पहिल्या भेटीतच पसंत पडलो होतो.

साडूभाऊ, इतके दिवस ज्याला मी व्यसनं लावत होतो तो मनुष्य मला घर देत होता आणि माझी पोटची मुलगी नको म्हणत होती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पाठीवर बसलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नसते. मी छत्री जरा खाली घेतली.

शेवटी पाण्याचा आवाज आला आणि धबधबा दिसला. चांगला आहे. उंचावरून पडतो, खूप पाणी आहे. आपल्या निसर्ग मंडळाच्या माहितीपत्रकात घालायचं असेल तर एवढं पुरे. ललिताने मात्र धबधबा पाहिला नाही. तिने मला पाहिलं, जावयावर स्वार. ती म्हणाली की आधी उतरा आणि त्यांचे पाय धुवा. पाय धुणं तसंही कार्यक्रमात होतं, पण आता ते प्रायश्चित्त झालं. माझा गुडघा वाकेना, म्हणून विष्णूला एका उंच दगडावर उभं करण्यात आलं. समोर आकाशातून एवढं पाणी कोसळतंय, त्याचे पाय सकाळपासून धुतलेच जातायत, आणि मी तांब्याने त्यांवर पाणी घालतोय. समई पेटली नाही. तुषारांपुढे काडेपेटीचं काय चालणार? मग ललिताने अनारशांचा डबा उघडला. पाणी आत गेलं होतं. तेहतीस अनारशांचा मिळून एकच अनारसा झाला होता. ललिता म्हणाली, वजन तेवढंच आहे, घ्या. त्यांनी घेतला, डोक्याला लावला आणि उभ्याउभ्या त्यातला बराच खाऊन टाकला.

मी बाजूला एका खडकावर पाय पसरून बसलो होतो. तृप्ती येऊन शेजारी बसली. तिने माझ्या गुडघ्याला हात लावून पाहिला. उलटा हात. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. म्हणाली, गरम आहे, आतून सुजलाय. मी म्हटलं, धनराजरावांनी मला सगळं सांगितलं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "त्या गीझरच्या दिवशी सगळे हसत होते ना बाबा, तुम्हीपण हसत होता. वायर खरंच जळत होती आणि एकानेही तसं म्हटलं नाही. मी नवी सून, मला बोलता आलं नाही. तिथे राहायला आलात तर तुम्ही हात मागे बांधून बसाल, माझ्यासाठी. ते मला नाही बघवणार."

मी म्हटलं, तुझी आई वाट बघतेय. ती उठली, धोंड्यांचा डबा घेतला, जाऊन नवऱ्यापुढे धरला. मग ते दोघं एका छत्रीखाली बराच वेळ उभे होते, आणि बोलत होते. काय बोलले ते कळलं नाही. धबधब्याच्या आवाजात आपलं आपल्याला ऐकू येत नाही. ललिता कान देऊन दमली. तेव्हा साडूभाऊ, आपला सल्ला खरा ठरला हे मला मान्य करावं लागतंय, आणि आज मला ज्या गोष्टींचा शीण आहे त्यात हीही आहे. माणसं निसर्गात मोकळी होतात, कारण तिथे सासूला काही ऐकू जात नाही.

उतरताना पुन्हा धनराजरावांची पाठ. ललिताने डोळे मिटून घेतले. एकदा पाय धुतले आहेत, त्यात हे भागेल असं तिने ठरवलं असावं. फाटकाशी चिमणाबाईने विचारलं, ल्योक हाय का? धनराजराव म्हणाले, जावई. ती कणीस फिरवत म्हणाली, "तरीच. ल्योकानं नसतं इतकं आणलं." मग आम्ही तिची होती नव्हती तेवढी कणसं खाल्ली. मी पाच खाल्ली. नियम संपला होता.

तर अशी मजा आली. यापुढे आपण मला देवळं सुचवावीत, शक्यतो ज्यांना पायऱ्या नाहीत अशी. मालनताईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, कुत्र्याला काय योग्य वाटेल ते.

आपला थकलेला साडू,
रावजी

ता. क. : तृप्ती मंगळवारी सिन्नरला गेली. अधिकात मुलीची पाठवणी करावी की नाही म्हणून ललिता दोन पंचांगं घेऊन बसली होती. विहीणबाईंचाच फोन आला की आमच्याकडे मेथी निवडायला पंचांग चालत नाही, मुलगी पाठवा. शिवाय म्हणाल्या की गीझरची वायर बदलून घेतली आहे, जुनी खरंच जळाली होती.

ता. क. दुसरा : आपल्या वरच्या मजल्याच्या दोन खोल्या, जिथे आपण कांदे आणि निसर्ग मंडळाचे फलक ठेवता, त्यांना मी लग्नाच्या जेवणावळीत सर्वांसमक्ष कबुतरखाना म्हणालो होतो. छत गळतं, जिना अरुंद आहे, आणि साडूच्या घरी राहण्यापेक्षा मी कोळशाच्या ढिगावर झोपेन, असंही म्हणालो होतो. या तिन्ही गोष्टी मी मागे घेतो. जिना अरुंद आहेच, पण कठडा चांगला आहे. तिथून तृप्तीचं घर दोन गल्ल्यांवर पडतं, हे मी नकाशावर नव्हे, जीपच्या परतीच्या वाटेवर मनात मोजलं. भाडं रीतसर घ्यावं. मी तिथे कशालाही हात लावणार नाही असा शब्द देतो. ऑक्टोबरपर्यंत कांदे हलवता येतील का ते कळवावं. ललिताला अजून सांगितलेलं नाही. मालनताईंनी स्वतःहून सुचवल्यासारखं सुचवलं तर बरं पडेल.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तृप्तीचा फोन आला. ती आपल्या खोल्या बघून आली म्हणे. म्हणजे तिला मी काही सांगण्याआधीच तिचं ठरलं होतं आणि मी इथे आपल्यापुढे मान तुकवत बसलोय. म्हणाली, खोल्या छान आहेत, छत एकाच कोपऱ्यात गळतं. मग म्हणाली, "बाबा, काकांच्या बोअरच्या मोटारीला उलटा हात लावून पाहिला. चटका बसतोय. काकांना सांगितलं तर ते हसले. तुम्ही कधी येताय?"

साडूभाऊ, वरच्या ता. क. मधला शब्द परत घेतो. मोटार बंद ठेवा. मी येईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नका.